घरचा काटेरी हलवा : गोडी आणि काळजी

जानेवारी उजाडला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. परवा तो सत्तरीच्या एका आजींनी विचारला. रक्तातील साखरेचा रिपोर्ट माझ्यापुढे सरकवत त्या म्हणाल्या, "डॉक्टर, गोळ्या वेळेवर घेते, चहा बिनसाखरेचा पिते. संक्रांतीला हलव्याचे चार दाणे तोंडात टाकले तर चालतील ना? यंदा नातवाचे बोरन्हाण आहे. हलवा मी घरीच करणार आहे."

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. बोरन्हाणाचे नाव ऐकले आणि मी मात्र लिहिता लिहिता थांबलो. त्याचे कारण पुढे येईलच. आधी हलव्याविषयी.

आमच्या घरी हलवा कधी विकत आणला नाही. पौष लागला की आजी माळ्यावरची कलई केलेली पितळी परात खाली काढी. दुपारची जेवणे आटोपली, झाकपाक झाली की माजघरात शेगडी पेटे. निखाऱ्यांवर राख पसरून आच मंद केली जाई. परातीत मूठभर तीळ आणि शेजारी पातेलीत पाक. आम्हा मुलांना उंबऱ्याबाहेर बसून पाहण्याची परवानगी, आत पाऊल टाकण्याची नाही. पहिल्या दुपारी तीळ नुसते पांढरे दिसू लागत. दुसऱ्या दुपारी ते तांदळाच्या कणीएवढे होत. तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी आजी दाणा बोटांत धरून उजेडात पाही आणि आईला हाक मारी, "काटा आला गं!" तोवर आमच्या वाट्याला परातीला धरलेला साखरेचा भुगा तेवढा येई. तो भुगा चाटत काढलेल्या दुपारी पन्नास वर्षांनंतरही जशाच्या तशा आठवतात.

काटा कसा येतो?

ज्यांना घरी हलवा करून पाहायचा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात कृती सांगतो. दोन मोठे चमचे निवडलेले तीळ कोरडेच भाजून घ्यावेत. अर्धा किलो साखर बुडेल इतके पाणी घालून उकळावे आणि त्यात चमचाभर दूध घालावे. दूध फाटते आणि साखरेतली मळी धरून वर येते. ती काढून पाक गाळून घ्यावा. पाक एकतारीच्या जरा अलीकडचा असावा. परात मंद आचेवर ठेवून तिळांवर एक चमचा पाक घालावा आणि बोटांच्या टोकांनी दाणे हलके हलके फिरवत राहावे. दाणे कोरडे झाले, एकमेकांपासून सुटे झाले, की पुढचा चमचा. परातीला साखर धरू लागली की दाणे काढून परात पुसून घ्यावी. घाई केली, दोन चमचे पाक एकदम घातला, तर दाण्यांचा गोळा होतो. आच वाढली तर काटे वितळतात. रोज दोन-तीन तास, असे तीन-चार दिवस हे काम चालते. तिळांऐवजी खसखस, साबुदाणा, लवंग, डाळे, भोपळ्याच्या बिया किंवा शेंगदाणेही घेतात.

पाकातले पाणी आटले की साखर स्फटिकाच्या रूपात बाहेर पडते. नवी साखर बसते ती आधी बसलेल्या कणावरच. दाण्यावर जिथे बारीकसा उंचवटा असेल तिथे पाक अधिक लागतो आणि तिथेच नवा थर चढतो. उंचवटा असा वाढत जातो, त्यालाच आपण काटा म्हणतो. हवा थंड आणि कोरडी असली की पाणी झटपट उडते आणि काटा चांगला येतो. दमट हवेत साखर ओलावा धरते, काटे बोथट होतात. हलवा थंडीत का करतात आणि घट्ट झाकणाच्या बरणीत का ठेवतात, याचे हे कारण.

शेगडी आणि पाक

हलव्याच्या त्या दिवसांत संध्याकाळी आजीचे डोके हटकून दुखे. कधी मळमळेही. घरात म्हणत, "दृष्ट लागली," आणि मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकत. डॉक्टर झाल्यावर मला त्या डोकेदुखीचा उलगडा झाला. वाऱ्याने आच कमीजास्त होऊ नये म्हणून माजघराची दारे-खिडक्या बंद असत. अशा खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात जिथे प्राणवायू बसायचा ती जागा हा वायू अडवतो. आधी डोके दुखते, मग मळमळ, चक्कर, आणि वायू जास्त झाला तर माणूस बेशुद्ध होऊन दगावतो. म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही पेटवू नये, मग ती हलव्यासाठी असो की थंडी घालवण्यासाठी. गॅसवर तवा आणि तव्यावर परात ठेवली तरी हलवा उत्तम होतो. तेव्हाही एक खिडकी उघडी असावी.

दुसरा धोका पाकाचा. पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते, पाक त्याहून वरच्या तापमानाला. चिक्कीचा कडक पाक तर 150 अंशांच्या आसपास जातो. शिवाय पाणी अंगावरून ओघळून जाते, पाक मात्र चिकटून बसतो आणि खोलवर भाजतो. आजी आम्हाला उंबऱ्याबाहेर का बसवी, हे आता कळते. पाक अंगावर पडलाच तर तो भाग ताबडतोब वाहत्या साध्या पाण्याखाली पुरी 20 मिनिटे धरावा. अंगठी, बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात. चिकटलेली साखर ओरबाडू नये. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद यांतले काहीही लावू नये. नंतर स्वच्छ कापडाने सैलसर झाकून डॉक्टरांकडे जावे. भाजलेले लहान मूल असेल किंवा चेहरा, हात, सांधा भाजला असेल तर थोडक्यावर निभावले असे समजून घरी बसू नये.

एका दाण्यात काय असते?

"तीळ पौष्टिक, त्यात कॅल्शियम, मग हलवा खायला काय हरकत आहे?" असे पुष्कळ जण विचारतात. तीळ पौष्टिक आहेतच. पण हलव्याच्या एका दाण्यात तीळ एकच असतो. हजार तीळ तोलले तर त्यांचे वजन तीन ग्रॅमच्या आसपास भरते. बाकी सारी साखर. तेव्हा तिळाचे गुण हवे असतील तर तिळाची चटणी खावी. हलवा साखर म्हणूनच मोजावा.

चहाच्या एका चमच्यात साधारण पाच ग्रॅम साखर मावते आणि तिच्यातून वीस उष्मांक मिळतात. हळदीकुंकवाला दहा घरी गेलो आणि प्रत्येक घरी चमचाभर हलवा खाल्ला, तर पन्नास ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलेली मर्यादा अशी की वरून घेतलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, पाच टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक चांगले. 2000 उष्मांक घेणाऱ्या माणसाला दहा टक्के म्हणजे हेच पन्नास ग्रॅम. चहा, लाडू, गुळाची पोळी हे सगळे त्यावर वेगळे. गूळ घेतला तरी हिशेब फारसा बदलत नाही. रक्तातली साखर गुळानेही वाढते.

दातांचे गणित थोडे निराळे आहे. साखर किती खाल्ली याइतकेच ती कितीदा खाल्ली यालाही महत्त्व आहे. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. दिवसभर येता-जाता एकेक दाणा चघळला तर दात सारखे आम्लात राहतात. जेवणानंतर एकदाच खाऊन चूळ भरणे त्यापेक्षा बरे.

रंगीत हलव्याविषयीही सांगायला हवे. रोडामाइन बी हा कापडाला वापरायचा गुलाबी रंग खाण्यात वापरण्यास बंदी आहे. तो आढळला म्हणून 2024 च्या फेब्रुवारीत तामिळनाडूने 'बुढ्ढी के बाल' या मिठाईच्या विक्रीवर बंदी घातली. विकतचा हलवा घ्यायचाच तर पांढरा घ्यावा, म्हणजे या शंकेला जागा उरत नाही.

बोरन्हाणाची गोष्ट

आता मी ज्यामुळे थांबलो ती गोष्ट. पंचवीसेक वर्षांपूर्वी आमच्या घरी माझ्या भाच्याचे बोरन्हाण होते. वय दीड वर्ष. आजी तेव्हा नव्हती, त्यामुळे हलवा बाजारातून आणलेला, त्यात शेंगदाण्याचाही होता. पाटावर बसवून, काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून त्याच्या डोक्यावरून चुरमुरे, बोरे, उसाचे करवे, हलवा असे सारे ओतले. मुलांची एकच झुंबड उडाली. त्या गडबडीत बाळाला जोराचा ठसका लागला. कोणी पाठ थोपटली, कोणी म्हणाले, "मामी आठवण काढत असेल." तो रडला आणि शांत झाला. फोटो निघाले.

दुसऱ्या दिवसापासून त्याला खोकला सुरू झाला. घरातला डॉक्टर मीच. मी सर्दी-खोकल्याचे औषध दिले. उतार पडेना म्हणून अँटिबायोटिक दिले. बरे वाटे, पुन्हा खोकला येई. बाराव्या दिवशी बहीण म्हणाली, "दादा, त्या दिवशीच्या ठसक्याचा तर हा खोकला नसेल?" मी पुन्हा छाती तपासली. उजव्या बाजूला श्वासाचा आवाज कमी येत होता. आधी ते माझ्या लक्षात आले नव्हते, कारण मी ते शोधलेच नव्हते. एक्स-रेमध्ये दाणा दिसला नाही, शेंगदाणा तसा दिसतही नाही. उजवे फुप्फुस मात्र जास्त फुगलेले दिसले. मोठ्या शहरात नेऊन भूल देऊन श्वासनलिकेत दुर्बीण घातली, तेव्हा शेंगदाण्याची अर्धी पाकळी निघाली. वरची साखर विरघळून गेली होती, आतला दाणा ओलाव्याने फुगला होता. मूल वाचले. चूक माझी होती, आणि तिची आई चौकस होती म्हणून ती निस्तरली.

पाच वर्षांखालील मुलांना दाढांनी नीट चावता येत नाही आणि त्यांची श्वासनलिका अरुंद असते. शेंगदाणा, बोराची बी, हरभरा, गोळ्या, कडक हलवा यांतले काहीही त्यात अडकू शकते. म्हणून बोरन्हाण जरूर करावे, पण डोक्यावरून चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या घालाव्यात. हलवा, बोरे, शेंगा मोठ्या मुलांच्या हातात द्याव्यात. हलव्याचे दागिने फोटो झाला की लगेच उतरवावेत. सांडलेले सगळे उचलेपर्यंत बाळ मोठ्यांच्या कडेवर असावे.

ठसका लागला तर

मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्यावे. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये, वस्तू आणखी आत जाते. आवाजच फुटत नसेल, खोकता येत नसेल, ओठ निळे पडत असतील तर क्षणही दवडू नये. एक वर्षाखालील बाळाला हाताच्या पुढच्या भागावर पालथे, डोके खाली करून धरावे आणि दोन खवाट्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा माराव्यात. वस्तू निघाली नाही तर उताणे करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबावे. एक वर्षावरील मुलाला पुढे वाकवून पाठीवर पाच थापा माराव्यात. त्यानंतर मागून हातांचा वेढा घालून, बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली मूठ ठेवून आत-वर असा पाच वेळा झटका द्यावा. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे. दुसऱ्या कोणीतरी 108 ला फोन करावा. ठसका थांबला तरी नंतर खोकला किंवा घरघर राहिली, तर डॉक्टरांना ठसक्याची हकीकत आपणहून सांगावी. माझ्यासारखा डॉक्टर ती विचारायला विसरू शकतो.

त्या आजींना मी काय सांगितले? साखर आटोक्यात आहे, तेव्हा संक्रांतीच्या दिवशी जेवणानंतर चार दाणे जरूर खा, त्या दिवशी गुळाची पोळी मात्र अर्धीच. हलवा गॅसवर, खिडकी उघडी ठेवून करा. नातवंडांना उंबऱ्याबाहेर बसवा आणि पहिला काटा आला की त्यांना दाखवा. परातीचा भुगा मोठ्या नातवंडांना द्या. बोरन्हाणाच्या टोपलीत फक्त चुरमुरे आणि शेवंतीच्या पाकळ्या.

"आणि हलवा?" त्यांनी विचारले.

"तो बरणीत ठेवा," मी म्हटले. "नातू पाच वर्षांचा झाला की त्याला काटा कसा येतो ते शिकवा."