शेजार एक, कुळे दोन : मराठी आणि गोंडी

दरवर्षी जून महिन्यात वसतिगृहाच्या पडवीत एक दृश्य हमखास दिसते. भामरागड, एटापल्लीकडून आलेले मूल ट्रंकेवर गप्प बसलेले असते. नागभीड, ब्रह्मपुरीकडचे मूल त्याला नाव, गाव, इयत्ता विचारत असते. पहिल्याला प्रश्न कळत नाही असे नाही, पण उत्तराचे शब्द त्याच्या ओठांवर येत नाहीत. आठवडाभरात दोघे एका ताटात जेवू लागतात. वर्गात मात्र पहिल्या मुलाचा अबोला पुढे वर्षभर टिकतो. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी तो स्वतः अनुभवला आहे. या अबोल्याचे कारण बुद्धीत नसून दोन भाषांच्या रचनेत आहे, हे समजायला आम्हांला फार वर्षे लागली. आमचा विषय इतिहास, भाषाशास्त्र नव्हे. तरीही जे वाचले आणि वर्गात पाहिले, ते येथे मांडत आहोत.

मराठी ही भारतीय-आर्य शाखेची भाषा आहे. तिचे मूळ महाराष्ट्री प्राकृतात आणि त्याहून दूरचे नाते इंडो-युरोपीय कुळाशी. हे कुळ किती पसरलेले आहे याचे एक उदाहरण पुरे. युरोपच्या आग्नेय भागात ग्रीक आणि क्रोएशियन या दोन भाषा आहेत. त्यांच्या लिपी वेगळ्या, शाखा वेगळ्या, आणि एकीचा भाषक दुसरीचे वाक्य समजू शकत नाही. तरी 'तीन' या संख्येला ग्रीक मनुष्य 'त्रिया' म्हणतो आणि क्रोएशियन मनुष्य 'त्री'. आपला 'तीन' त्यांचाच भाऊबंद आहे. आता आलापल्लीच्या बाजारात या. तेथे हीच संख्या गोंडी माणूस 'मुंद' अशी सांगतो आणि सिरोंच्याचा तेलुगू माणूस 'मूडु' अशी. हजारो मैलांवरचा क्रोएशियन शब्द मराठीच्या नात्यातला आणि पलीकडच्या पाड्यातला शब्द परक्या कुळातला, अशी ही गंमत आहे. गोंडी ही द्राविडी भाषा असून त्या कुळात ती तेलुगूच्या शाखेत बसते. राजुरा, जिवती भागातील कोलामांची कोलामीही द्राविडीच, पण तिची उपशाखा निराळी.

शब्दांचा फरक मूल लवकर ओलांडते. 'पाणी' म्हणजे 'येर' आणि 'गाव' म्हणजे 'नार' हे दोन दिवसांत पाठ होते. अडते ते व्याकरणात, आणि त्यातही लिंगात. मराठीत तीन लिंगे : कागद तो, वही ती, पुस्तक ते. का, हे कोणीही सांगू शकत नाही. आपण ते आईच्या मांडीवर शिकलो. गोंडीत विभागणी वेगळी आहे. पुरुष एका बाजूला, त्याच्यासाठी 'वोर'. आणि स्त्री, जनावर, झाड, वस्तू हे सारे दुसऱ्या बाजूला, त्यांच्यासाठी 'अद'. कागद, वही, पुस्तक तिन्ही 'अद'च. ही व्यवस्था डोक्यात असलेले मूल 'वही फाटला' किंवा 'आई आलं' असे बोलते, तेव्हा ते निष्काळजी नसते. ते एक नियम पाळत असते, फक्त तो नियम आपला नसतो.

दुसरी अडचण भूतकाळाची. 'मुलीने भाकर खाल्ली', पण 'मुलीने आंबा खाल्ला'. खाणारी तीच असताना क्रियापद मात्र खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलते. गोंडीचे क्रियापद कर्त्याशी एकनिष्ठ असते. खाणारा कोण हे त्याच्या प्रत्ययातच कळते; काय खाल्ले याच्याशी त्याला देणेघेणे नाही. निष्पक्षपणे पाहिले तर येथे गोंडीचीच रीत सोपी आहे.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत आम्ही अशा वाक्यांखाली लाल रेघ ओढून समासात 'अशुद्ध' असे लिहीत होतो. तो शब्द आपल्या वाडवडिलांना उद्देशून किती पिढ्या वापरला गेला, याचे भान इतिहास शिकवणाऱ्या माणसाला तरी असायला हवे होते. ते उशिरा आले. आता आम्ही समासात 'मराठीत असे' एवढेच लिहितो आणि शेजारी योग्य वाक्य देतो.

कुळे वेगळी असली तरी शेजार जुना आहे, आणि शेजाराचा परिणाम भाषेवर होतोच. मरे एमेनो या अभ्यासकाने १९५६ साली 'भारत : एक भाषिक क्षेत्र' या अर्थाचा निबंध लिहून दाखवले की, येथील भिन्न कुळांच्या भाषा शतकानुशतके एकत्र राहून एकमेकींसारख्या झाल्या आहेत. मराठीत याचा ठळक पुरावा 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद. ऐकणाऱ्याला वगळले तर 'आम्ही', सामील केले तर 'आपण'. हिंदीत दोन्हींना 'हम' चालते. इंग्रजीतही एकच शब्द. तेलुगूत मात्र 'मेमु' आणि 'मनमु' असे दोन शब्द आहेत, आणि हा भेद द्राविडी कुळाचा जुना ठेवा आहे. तो मराठीत द्राविडी संपर्कातून आला असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. 'येतो म्हणून सांगितले' या वाक्यातील 'म्हणून' पाहा. तेलुगूत त्याच जागी 'अनि' येते, आणि त्याचाही अर्थ 'म्हणून'च. अक्का, अण्णा, तूप हे शब्दही दक्षिणेकडचेच. 'शुद्ध मराठी' म्हणून जी मिरवली जाते, तिच्या घरात द्राविडी पाहुणे असे बसलेले आहेत, आणि ते आता पाहुणेही राहिलेले नाहीत.

एवढा जुना शेजार असूनही प्रतिष्ठेत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या २९ लाखांहून अधिक होती. त्याच जनगणनेत कोंकणीचे भाषक सुमारे २२ लाख आणि बोडोचे १४ लाखांच्या वर होते. त्या दोन्ही भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आहेत, गोंडी नाही. कोणाला वगळा असे आमचे म्हणणे नाही. गोंडी बाहेर का, एवढाच प्रश्न आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या पुरेशा सोयी राज्याने कराव्यात, असे अनुच्छेद ३५०-अ १९५६ पासून सांगतो. गोंडी भाषा बोलीत जिवंत आहे आणि तिला स्वतःच्या लिपीही आहेत : मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली एक, आणि आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावच्या हस्तलिखितांतून पुढे आलेली दुसरी. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळाही सुरू केली.

पालकांची एक शंका आम्हांला ठाऊक आहे : घरची बोली चालू ठेवली तर मराठी कच्ची राहील, मग इंग्रजीचे काय? आमचा अनुभव उलट आहे. पाचवीच्या वर्गात आम्ही फळ्यावर तीन रकाने आखतो : गोंडी, तेलुगू, मराठी. उंदी, रण्ड, मुंद, नालुंग, सैयुंग. समोर ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु. वर्षभर न बोललेले मूल त्या तासाला फळ्याजवळ उभे राहून इतरांचे उच्चार सुधारते. त्याच्या गावात सात-आठच्या पुढे रोजच्या बोलण्यात मराठी-हिंदी आकडेच चालतात, हेही तेच सांगते, आणि मग शंभरापर्यंत सगळा वर्ग एकाच आवाजात मोजतो.