सिंगल-एंडेड व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर

सिंगल-एंडेड व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर हा निर्वात नलिकांवर, म्हणजेच व्हॉल्व्हवर चालणारा ध्वनिविवर्धक आहे. त्याच्या अखेरच्या टप्प्यात सहसा एकच शक्तिनलिका ध्वनिसंकेताच्या धन व ऋण अशा दोन्ही अर्धलहरी हाताळते. पुश-पुल रचनेत हे काम दोन नलिका वाटून घेतात. शक्ती थोडी आणि रचना साधी असल्याने घरात मंद आवाजात, बारकाव्यांसह संगीत ऐकण्यासाठी माफक खर्चाचा पर्याय म्हणून हा प्रकार निवडला जातो.

शक्तीची गरज

स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबल असेल, तर १ वॅट शक्तीवर १ मीटर अंतरावर तेवढी ध्वनिपातळी मिळते. मंद श्रवणाच्या ६७ डेसिबल पातळीसाठी वॅटचा शंभरावा भाग पुरतो. संगीतातील क्षणिक उठाव त्याहून २० डेसिबलने चढले, तरी गरज १ वॅटचीच असते. श्रोता दूर बसल्यास ती वाढते. मात्र दुसरा स्पीकर व भिंतींवरून परतणारा ध्वनी ही तूट बरीच भरून काढतात. त्यामुळे अशा श्रवणाला ३ ते ५ वॅट सहसा पुरेसे ठरतात आणि जास्त वॅटसाठी मोजलेले पैसे बव्हंशी वाया जातात.

नलिका व ट्रान्सफॉर्मर

सिनेमागृहांतील ध्वनियंत्रणेतून पुढे आलेली वेस्टर्न इलेक्ट्रिकची ३००बी ही ट्रायोड नलिका सुमारे ८ वॅट देते. तिची ख्याती मोठी आणि किंमतही तशीच. कमी खर्चात ईएल८४ ही पेंटोड नलिका अधिक सोयीची. १९५० च्या दशकातील ही नलिका गिटारच्या ॲम्प्लिफायरांत आजही वापरली जाते, म्हणून तिचे उत्पादन टिकून आहे व बदली नलिका सहज मिळतात. पेंटोड जोडणीत ती सुमारे ५ वॅट, तर ट्रायोड जोडणीत साधारण २ वॅट देते.

नलिकेपेक्षा आउटपुट ट्रान्सफॉर्मर अधिक निर्णायक असतो. सिंगल-एंडेड रचनेत त्याच्या वेष्टनातून सतत एकदिश प्रवाह वाहतो. लोहगाभा संपृक्त होऊ नये म्हणून त्यात हवेची फट ठेवावी लागते आणि त्यामुळे प्रवर्तन घटते. खर्जातील स्वर नीट उमटायचे असतील, तर गाभा मोठा हवा. खर्चात काटकसर करणारे उत्पादक नेमके येथेच हात आखडता घेतात.

मंद आवाजातील अडचणी

८ ओहमच्या स्पीकरवर ०.०१ वॅट म्हणजे सुमारे ०.२८ व्होल्ट. विजेच्या पुरवठ्यातून येणारी गुणगुण ५ मिलिव्होल्ट असेल, तर ती संगीताच्या केवळ ३५ डेसिबल खाली राहते. अधिक संवेदनशील स्पीकर घेतल्यास संगीतासोबत ही गुणगुणही मोठी होते, याचा सहज विसर पडतो. दुसरी अडचण अतिरिक्त विवर्धनाची. सीडी प्लेअर सुमारे २ व्होल्टपर्यंत संकेत देतो. ॲम्प्लिफायरला पूर्ण शक्तीसाठी अर्धा व्होल्टच लागत असेल, तर आवाजाचे बटण अगदी सुरुवातीलाच अडकून राहते. तेथे स्वस्त नियंत्रकांत डाव्या-उजव्या वाहिन्यांचा तोल बिघडतो.

व्हॉल्व्हच्या आवाजातील ‘ऊब’ दुसऱ्या हार्मोनिकमुळे येते, असे सांगितले जाते. परंतु सिंगल-एंडेड रचनेत ही विकृती संकेताबरोबर घटत जाते, त्यामुळे मंद आवाजात तिचा वाटा अल्पच असतो. जो फरक जाणवतो, त्यात ॲम्प्लिफायरच्या आउटपुट प्रतिबाधेचा हात मोठा: ती जास्त असल्यास स्पीकरच्या बदलत्या प्रतिबाधेनुसार काही स्वर उठून दिसतात, काही दबतात. मंद आवाजात कानालाच खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवले. तबल्याचा डग्गा हरवल्यासारखा वाटतो तो त्यामुळे. कोणतीही नलिका त्यावर उपाय नाही, खर्ज वाढवणारे नियंत्रण मात्र आहे.

सुरक्षितता

आतील विद्युतदाब २५० व्होल्ट किंवा अधिक असतो व यंत्र बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार साठून राहू शकतो. स्पीकर जोडल्याशिवाय यंत्र चालवल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मर निकामी होण्याचा धोका असतो. प्रत्येक ईएल८४ नलिका तंतूसह सुमारे १५ वॅट उष्णता बाहेर टाकते. बंद कपाटात असे यंत्र ठेवू नये.