घर बाईचं, कागद नवऱ्याचा

आयरिश बायकांच्या लेखनाचा आढावा हल्ली हटकून 1960 पासून सुरू होतो. एडना ओब्रायन, तिची ‘द कंट्री गर्ल्स’, त्या पुस्तकावरची बंदी, आणि तिथून थेट आजच्या बुकरच्या यादीवर उडी. एडना मोठीच होती. क्लेअर परगण्यातल्या या मुलीने घर सोडणाऱ्या मुलींची गोष्ट लिहिली, त्यापायी गावाचा रोष पत्करला. 2024 मध्ये ती गेली तेव्हा लॉख डर्ग सरोवरातल्या बेटावर तिला मूठमाती मिळाली. पण मी वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगत आले आहे. ज्यांनी घर सोडलं नाही, किंवा सोडलं तरी ज्यांचं मन त्याच स्वयंपाकघरात अडकून राहिलं, त्या बायकांना वगळून आयर्लंडमधलं घर कळत नाही. उंबरठा ओलांडणारीचं धाडस समीक्षकांना लगेच दिसतं. आत राहून निभावणारीचं त्यांना दिसत नाही, आणि माझं त्यांच्याशी भांडण आहे ते एवढ्यासाठीच.

मारिया एजवर्थपासून एलिझाबेथ बोवेनपर्यंतची जमीनदारी वाड्यांची परंपरा इथे बाजूला ठेवते. तिच्यावर भरपूर लिहून झालं आहे. बोवेनचा वाडासुद्धा विकला गेला आणि 1961 मध्ये पाडला गेला.

मी सुरुवात करते पेग सेयर्सपासून. 1873 साली केरी परगण्यातल्या डनक्विनमध्ये ती जन्मली. अजून पोरसवदा असतानाच डिंगल गावात घरकामाला लागली. जिवलग मैत्रीण अमेरिकेला गेली. तिकडून तिकिटाचे पैसे पाठवते म्हणाली, पण तिच्या हाताला इजा झाली आणि पैसे काही आले नाहीत. मग घरच्यांनी ग्रेट ब्लास्केट बेटावरच्या एका कोळ्याशी सोयरीक जुळवली. गावच्या किनाऱ्यावरून रोज दिसणारं बेट पेगचं सासर झालं, ते साल 1892. त्याच वर्षीच्या 1 जानेवारीला कॉर्कची ॲनी मूर ही मुलगी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर नोंद झालेली पहिली स्थलांतरित ठरली होती. त्या काळात आयर्लंडमधून जवळजवळ पुरुषांइतक्याच बायका बाहेर पडत होत्या, त्याही बहुतेक अविवाहित. परक्यांच्या घरी धुणीभांडी करून त्या धाकट्या भावंडांच्या तिकिटाचे पैसे धाडत. पेगचीही मुलं पुढे एकेक करून गेली. टोमास तेवढा आधीच गेला, कायमचा. जळणासाठी कड्यावरची झुडपं उपटताना तो खाली कोसळला. लेकाचं फुटलेलं डोकं तिने स्वतःच्या हातांनी धुऊन सारखं केलं आणि त्याला शेवटच्या निरोपासाठी तयार केलं.

हे सगळं तिने सांगितलं, लिहिलं नाही. शाळा झाली ती इंग्रजीतून, त्यामुळे मातृभाषा लिहिता येत नव्हती. अमेरिकेहून परतलेल्या मुलाने तिचं बोलणं उतरवून घेतलं आणि 1936 मध्ये ‘पेग’ हे पुस्तक आलं. पुढे ते शाळांमध्ये सक्तीचं झालं आणि आयरिश मुलांच्या पिढ्याच्या पिढ्या या ‘रडक्या म्हातारी’वर चिडल्या. तो राग अजून समीक्षेत झिरपतो. शाळेसाठी सोवळं केलेलं पुस्तक वाचून पेगचं माप काढणं हा अन्याय आहे. लोककथा गोळा करणारी माणसं तिच्याकडे येत राहिली आणि तिच्या तोंडून त्यांनी शेकडो कथा टिपल्या. तिथली पेग हजरजबाबी आहे, धीट आहे. 1953 मध्ये सरकारने बेट रिकामं केलं. पेग त्याआधीच मुख्य भूमीवर परतली होती. 1958 मध्ये ती डिंगलच्या इस्पितळात वारली.

पेगचं पुस्तक आल्यावर वर्षभरातच नवी राज्यघटना आली. तिच्या 41.2 या कलमात गृहिणीचा गौरव आहे. बाईच्या घरातल्या आयुष्याने राज्याला आधार मिळतो, पैशाच्या ओढगस्तीपायी आईला घर टाकून कामाला जावं लागू नये, वगैरे. मताधिकारासाठी लढलेल्या हॅना शीही-स्केफिंग्टनसारख्या बायकांनी तेव्हाच विरोध केला होता. त्यांची भीती खरी ठरली. लग्न झालं की सरकारी नोकरी सोडायची, हा नियम 1973 पर्यंत टिकला. बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला राहतं घर विकता येऊ नये, हा कायदा व्हायला 1976 उजाडलं. म्हणजे तब्बल 39 वर्षं राज्यघटना जिच्या घरातल्या वास्तव्याचे गोडवे गात होती, तिच्या डोक्यावरचं छप्पर नवरा तिला न विचारता विकू शकत होता. ज्यांना घराने बाहेर काढलं, त्या मठांच्या धोबीखान्यांमध्ये बिनपगारी राबल्या. 1993 मध्ये डब्लिनच्या हाय पार्क मठाची जमीन विकताना 155 बायकांचे अवशेष उकरले गेले. त्यांतल्या कित्येकींच्या मृत्यूची नोंदही नव्हती. शेवटचा धोबीखाना बंद झाला तो 1996 मध्ये.

आणि मेव्ह ब्रेनन. माझं सगळ्यांत जास्त प्रेम हिच्यावर. 1917 मध्ये डब्लिनला जन्मली तेव्हा वडील राजबंदी म्हणून तुरुंगात होते. रॅनेला उपनगरातल्या चेरीफील्ड अव्हेन्यूवर 48 नंबरच्या छोट्या घरात बालपण गेलं. 1934 मध्ये वडिलांच्या सरकारी नेमणुकीमुळे कुटुंब वॉशिंग्टनला गेलं. पुढे आईवडील परतले, ही न्यूयॉर्कला राहिली, ‘न्यूयॉर्कर’मध्ये लिहू लागली. आयुष्य हॉटेलांत आणि भाड्याच्या खोल्यांत काढलं, आणि लिहिलं मात्र पुन्हा पुन्हा त्याच घराबद्दल. एका कथेत वडील भूमिगत असताना घराची झडती होते. हत्यारबंद माणसांपैकी एकजण धुराड्यात डोकावतो आणि काजळीचा लोट त्याच्याच अंगावर येतो. शेकडो पानांच्या इतिहासात न सापडणारं आयरिश यादवी युद्ध त्या दिवाणखान्यात दिसतं.

तिची ‘द स्प्रिंग्ज ऑफ अफेक्शन’ ही कथा तर मराठी बाईला कुणी समजावून सांगायला नको. ती एका नणंदेची कथा आहे. भाऊ गेला, वहिनी त्याआधीच गेलेली. म्हातारी मिन त्यांच्या संसाराचं सामान आपल्या वेक्सफर्डच्या घरी आणून त्यात बसली आहे, सगळ्यांच्या मागे उरल्याच्या समाधानात. भावाला लग्नाने हिरावून नेल्याचा सल पन्नास वर्षांनंतरही तसाच ताजा आहे. ब्रेनन 1993 मध्ये न्यूयॉर्कच्या शुश्रूषागृहात वारली. या कथांचा संग्रह आला 1997 मध्ये.

मायदेशातही लेखिकांची दशा वेगळी नव्हती. 1991 मध्ये आयरिश साहित्याचे ‘फील्ड डे’ हे तीन जाडजूड खंड आले, त्यांत बायका इतक्या थोड्या की ओरड झाली. शेवटी 2002 मध्ये बायकांसाठी आणखी दोन खंड काढावे लागले. उपनगरातली मुलंबाळं आणि घरकाम हाच कवितेचा विषय करणारी ईव्हन बोलंड त्या भांडणात पुढे होती.

आपण तरी कुठे लक्षात ठेवतो? रॉसकॉमन परगण्यातली मार्गारेट कझिन्स मताधिकारासाठी तुरुंगात गेली, 1915 मध्ये भारतात आली आणि इथलीच झाली. अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन 1927 मध्ये पुण्यात भरलं, ते तिच्याच खटपटीतून. पुण्यातल्या किती सभांमध्ये आज तिचं नाव निघतं?

8 मार्च 2024 रोजी 41.2 बदलण्यासाठी सार्वमत झालं, आणि सुमारे चौऱ्याहत्तर टक्के मतदारांनी बदल फेटाळला. कलम सगळ्यांना आवडतं म्हणून नव्हे. आजारी आणि अपंग माणसांची काळजी घेण्याची जबाबदारी नवा मसुदा कुटुंबावरच ढकलतो, असं अनेकांना वाटलं. तिकडे डब्लिनमधली भाडी परवडत नाहीत म्हणून शिकल्यासवरल्या मुली आईबापांच्या घरी राहतात, नाहीतर ऑस्ट्रेलिया गाठतात. नव्या कादंबऱ्यांत हे येतं, पण आपले वाचक त्या वाचतात पारितोषिकांच्या याद्या पाहून. यादी बदलली की लेखिका विसरली जाते. पूर्वी एखादी लेखिका हाती लागली की तिची सगळी पुस्तकं शोधून वाचणारे लोक होते. ते आता फार थोडे उरले.

अनुवादकांना माझी विनंती आहे. नव्या विजेतीचे हक्क मिळवायला धावण्याआधी ती नणंदेची कथा वाचा, आणि ती मराठीत आणा.