मागे फिरण्याची मुभा

लेखमाला : पृथ्वीबाहेरची वाट – लेखांक ६

मस्कतच्या आग्नेयेला, फिन्सच्या किनाऱ्यावरून खडकाळ वाटेने वर चढत गेलं की सलमा पठार लागतं. या पठारावर उघड्या कातळात तीन भोकं आहेत. अगदी जवळ जाईपर्यंत ती दिसतही नाहीत. त्यांच्या खाली मजलिस अल् जिन्न ही गुहा आहे. सुमारे ३१० मीटर लांब, २२५ मीटर रुंद आणि १२० मीटर उंच असं ते एकच एक दालन. आत जायला पायवाट नाही. छतातल्या भोकातून दोराने उतरायचं आणि त्याच दोराने वर यायचं. ऑस्ट्रियाच्या फेलिक्स बाउमगार्टनरने या छतातून पॅराशूट घेऊन थेट आत उडी मारली होती.

याच माणसाने १४ ऑक्टोबर २०१२ रोजी हेलियमच्या फुग्याला टांगलेल्या कुपीतून सुमारे ३९ किलोमीटरची उंची गाठली आणि तिथून खाली उडी घेतली. पडताना त्याचा वेग ताशी १,३५७ किलोमीटरच्या वर गेला. यानाबाहेर, फक्त आपल्या देहाने ध्वनीचा वेग ओलांडणारा तो पहिला माणूस. १७ जुलै २०२५ रोजी इटलीत पॅराग्लायडिंग करताना तो गेला.

पाताळ आणि आकाश दोन्ही पाहिलेल्या या माणसाची आठवण इथे काढली ती त्या २०१२ च्या उडीतल्या दोन गोष्टींसाठी. ९ ऑक्टोबरला सगळी तयारी झाली होती, फुग्यात वायू भरायला सुरुवातही झाली होती. पण वारा वाढला आणि उड्डाण रद्द झालं. मग १४ तारखेला फुगा वर चढत असताना शिरस्त्राणाच्या काचेवर वाफ धरू लागली. काच गरम ठेवणारी यंत्रणा नीट चालत नाही, अशी त्याला शंका आली. खाली नियंत्रण कक्षात जो किटिंगर होता, १९६० मध्ये ३१ किलोमीटरवरून उडी मारलेला जुना वैमानिक. परत यायचं की पुढे जायचं, यावर दोघांचं बोलणं झालं आणि पुढे जायचं ठरलं. निर्णय बरोबर होता की चूक, हा वेगळा वाद. पण विचारायला जागा होती, आणि ज्याचा जीव पणाला लागला होता त्याच्या शब्दाला वजन होतं.

मागच्या लेखांकात आपण अंतराळ पर्यटनाच्या तिकिटांचा हिशोब मांडला. २००१ मध्ये डेनिस टिटोने अंतराळ स्थानकावरच्या आठवडाभराच्या मुक्कामासाठी सुमारे दोन कोटी डॉलर मोजले, तिथपासून अलीकडच्या काही मिनिटांच्या उड्डाणांपर्यंत. या वेळी प्रश्न वेगळा आहे. या सहलींना ‘साहस’ म्हणून विकलं जातं. जबल शम्सच्या कड्यावरून चालणं, वहिबाच्या वाळूत गाडी घालणं, एव्हरेस्टची चढाई यांच्या रांगेत रॉकेटची सहल बसते का? माझं उत्तर असं आहे की साहस ओळखायचं ते मागे फिरण्याच्या मुभेवरून. ती मुभा प्रवाशाच्या हाती किती उरते, यावर बाकीचं सगळं ठरतं. प्रवाशाची जबाबदारी कुठे संपते आणि सहल विकणाऱ्याची कुठे सुरू होते, हेसुद्धा.

ही मुभा कशी वापरतात, ते पाहायला मस्कतच्या अल् खुवैरहून लांब जावं लागत नाही. इथे एका बाजूला मंत्रालयांची रांग, दुसऱ्या बाजूला फ्लॅट, खानावळी आणि दुकानं. गुरुवारी संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की इमारतींखाली फोर बाय फोर गाड्यांमध्ये सामान चढू लागतं : बर्फाची पेटी, चटया, पाण्याचे कॅन, मुलांच्या स्लीपिंग बॅगा. त्यात मराठी घरंही असतात. शुक्रवार-शनिवार गाठून निघालेल्यांपैकी बरेच जण शर्किया वाळवंटाकडे, म्हणजे आपण ज्याला वहिबा म्हणतो तिकडे जातात. बिदिया गावाशी डांबरी रस्ता संपतो, तिथे टायरवाल्यांकडे गाड्या थांबतात. माणूस उकिडवा बसतो, व्हॉल्व्हवर गेज लावतो आणि हवा सोडू लागतो. पस्तीसच्या आसपास असलेला दाब पंधरा-अठरावर आणतो. टायर बसका होतो, जमिनीला टेकणारा त्याचा भाग वाढतो, गाडीचं वजन जास्त वाळूवर पसरतं आणि चाक रुतत नाही. चारही चाकं झाली की तो टायरच्या कडांवरून हात फिरवून चीर वगैरे नाही ना, ते बघतो. टायर जुने असतील तर सांगतो, आत जाऊ नका. ऐकायचं की नाही, ते चालवणाऱ्याने ठरवायचं. पुढे उंच टेकडीखाली आल्यावर वेग कमी पडतोय असं वाटलं, तर चढावर वळण न घेता सरळ मागे उतरायचं, हा वाळूत गाडी चालवणाऱ्यांचा पहिला धडा. कारण आडवी झालेली गाडी उलटते. इथे चालवायला शिकणारा माणूस मागे यायलाच आधी शिकतो.

गिर्यारोहणात तर याचा नियमच आहे. शिखरावर पोहोचलात किंवा नाही, ठरलेल्या वेळेला परत फिरायचं. मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर बरेच जण दुपारी दोनची वेळ टळून गेल्यावरही वर चढत राहिले. वादळ आलं आणि एका दिवस-रात्रीत आठ माणसं गेली. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ने उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली २०१२ मध्ये आठ गिर्यारोहक एव्हरेस्टवर पोहोचवले. अशा मोहिमांची वर्षानुवर्षं चालणारी तयारी दम आणि स्नायूंची असते, तशीच थांबायचं कधी हे कळण्याचीही असते.

आता रॉकेटकडे वळू. काही मिनिटांच्या सहलीत यान १०० किलोमीटरच्या आसपास जातं आणि खाली येतं. पृथ्वीभोवती फिरत नाही. हा फरक केवढा मोठा आहे, हे आकड्यांत पाहण्यासारखं आहे. एक किलो वस्तू नुसती १०० किलोमीटर उंच न्यायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या तीसपटीहून अधिक ऊर्जा तीच वस्तू कक्षेत फिरत ठेवायला लागते. कक्षेत राहायला ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेग हवा, आणि परतताना तो सगळा वेग हवेच्या घर्षणात, उष्णतेच्या रूपात घालवावा लागतो. म्हणूनच शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये ज्या मोहिमेतून अंतराळ स्थानकावर गेले, तिच्यासाठी कित्येक महिन्यांचं प्रशिक्षण लागलं. छोट्या सहलीसाठी दोन-तीन दिवसांची तयारी पुरते. ‘ब्लू ओरिजिन’चं न्यू शेपर्ड यान जमिनीवरून निघून पुन्हा जमिनीवर येईपर्यंत दहा-अकरा मिनिटं घेतं. त्यातली तीन-चार मिनिटं वजनरहित.

या यानाच्या कुपीत वैमानिक नसतो. दार बंद झालं की सगळं संगणक करतो. १२ सप्टेंबर २०२२ रोजी याच यानाचं एक उड्डाण फसलं. सुदैवाने आत माणसं नव्हती, फक्त प्रयोगांचं साहित्य होतं. उड्डाणानंतर एका मिनिटाच्या आसपास खालच्या रॉकेटमध्ये बिघाड झाला. यंत्रणेने तो ओळखला, कुपीखालचं सुटकेचं इंजिन पेटलं, कुपी झटक्याने बाजूला उडाली आणि पॅराशूटवर उतरली. ही सुटकेची रचना मला मनापासून महत्त्वाची वाटते. प्रवाशाच्या हातातून गेलेली मागे फिरण्याची मुभा इथे अभियंत्यांनी यंत्राच्या हाती दिली आहे. १९ मे २०२४ रोजी गोपी थोटाकुरा हा पहिला भारतीय अंतराळ पर्यटक याच यानातून गेला. परतताना तीनपैकी एक पॅराशूट पूर्ण उघडलं नाही, दोहोंवर कुपी सुखरूप उतरली. आत बसलेल्या सहा जणांना करण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांच्यात नव्वद वर्षांचे एड ड्वाइटही होते. १९६० च्या दशकात अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय अंतराळवीर होण्याची त्यांची संधी हुकली होती. त्यांच्यासाठी ती दहा मिनिटं काय असतील, याची कल्पना केली तरी आनंद होतो. तो आनंद खराच आहे. पण त्या दहा मिनिटांत ते प्रवासी होते.

धोका किती, याचं ढोबळ माप उपलब्ध आहे. अमेरिकेच्या स्पेस शटलची १९८१ ते २०११ या काळात १३५ उड्डाणं झाली. त्यांपैकी दोन यानं नष्ट झाली, चौदा अंतराळवीर गेले. शंभर उड्डाणांत एकाहून थोडी जास्त दुर्घटना. विमान कंपनीचा असा हिशोब असता, तर तिच्या दारात कोणी उभं राहिलं नसतं. ‘व्हर्जिन गॅलॅक्टिक’साठी बनवलेलं यानही ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी चाचणी उड्डाणात तुटलं. शेपटीची हालणारी रचना वेळेआधी मोकळी केली गेली होती. एक वैमानिक मरण पावला, दुसरा वाचला.

एवढा धोका असताना कायदा काय म्हणतो? अमेरिकेत पर्यटकाकडून लेखी संमती घेतली जाते. सरकारने हे यान माणसांसाठी सुरक्षित असल्याचं प्रमाणित केलेलं नाही, हे कंपनीने त्याला लेखी कळवावं लागतं आणि त्याने ते मान्य करावं लागतं. प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी नियम करण्यावर २००४ पासून असलेली बंदी वाढत वाढत आता १ जानेवारी २०२८ पर्यंत आहे. उद्योग नवा आहे, त्याला शिकू द्या, अशी त्यामागची भूमिका. मला ती पटत नाही. कड्यावर जाणाऱ्याला ‘तुझ्या जबाबदारीवर जा’ असं सांगता येतं, कारण पाय त्याचे आहेत. ज्याला पट्ट्यांनी खुर्चीला बांधलं, त्याला तेच वाक्य सांगणं अन्याय आहे.

याची किंमत समुद्राखाली मोजली गेली. दुबईत राहणारे ब्रिटिश व्यावसायिक हॅमिश हार्डिंग जून २०२२ मध्ये न्यू शेपर्डमधून अंतराळात जाऊन सुखरूप परतले. वर्षभराने, १८ जून २०२३ रोजी, टायटॅनिकचे अवशेष पाहायला निघालेल्या ‘टायटन’ पाणबुडीत ते आणि आणखी चौघे मरण पावले. ही पाणबुडी कोणत्याही मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेली नव्हती. कंपनीच्या माणसांनीच आधी धोक्याच्या सूचना दिल्या होत्या. प्रवाशांनी मात्र संमतीपत्रावर सह्या केल्या होत्या. ही दुर्घटना टाळता आली असती, असं अमेरिकी तटरक्षक दलाच्या चौकशीने २०२५ मध्ये स्पष्ट म्हटलं.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. जमिनीवर मुभा आपल्या हाती असते, तेव्हा ती ओळखता यावी लागते. जुलै २०२२ मध्ये सलालाजवळ मुग्सैलच्या खडकांवर आलेल्या लाटेने आखातात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातली माणसं ओढून नेली. त्यात मुलं होती. खरीफच्या दिवसांत सलालाचे डोंगर हिरवे होतात, धुकं उतरतं, रिमझिम पडते. कोकण-घाट सोडून आलेल्या माणसाला ते पाहून घरी आल्यासारखं वाटतं. पण हा तोच नैर्ऋत्य मान्सून आहे, ज्याच्यासाठी आपल्याकडे जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर ओढतात. आपल्या आजोळी पावसाळ्यात समुद्राच्या कडेला कोणी मुलांना उभं करत नाही. परक्या देशात पर्यटनस्थळाची पाटी दिसली की ही जाण मागे पडते. तिथे कठडे, इशारे आणि पहारा हवाच, आणि आपल्या मंडळांतून सहली निघतात तेव्हा कुणी तरी हे आधी समजावून सांगायलाही हवं. वादीचं, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या नदीपात्राचंही तेच. वर डोंगरात पाऊस पडतो, खाली ऊन असतं, आणि कोरड्या पात्रात डबा उघडून बसलेल्यांच्या अंगावर लोंढा येतो. महाराष्ट्राने २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात आयोजकांना नोंदणी बंधनकारक केली, ती अशाच अनुभवांतून.

ओमानने या दोन्ही जगांची गाठही पाहिली आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रियन स्पेस फोरमने धोफारच्या वाळवंटात, मरमूलजवळ, मंगळावरच्या वस्तीची तालीम केली. पन्नासेक किलोचा पोशाख चढवून माणसं उन्हात काम करत होती. त्यांचा नियंत्रण कक्ष होता इन्सब्रुकला आणि दोन्हींमधल्या प्रत्येक निरोपाला मुद्दाम दहा मिनिटांचा उशीर ठेवला होता, कारण मंगळावर तसाच उशीर होणार. प्रश्न विचारून उत्तर यायला वीस मिनिटं. पोशाखातला पंखा बिघडला किंवा सहकाऱ्याला चक्कर आली, तर तंबूकडे परतायचं की थांबायचं, हे तिथल्या तिथेच ठरवायला लागणार. दूरच्या अंतराळात जाणाऱ्यांना ही मुभा पुन्हा माणसाच्याच हाती द्यावी लागेल.

आणि ४ डिसेंबर २०२४ रोजी दुक्मजवळच्या ‘इत्लाक’ तळावरून ओमानचं पहिलं रॉकेट उडालं. साडेसहा मीटर उंच, १२३ किलो वजनाचं, माणसांशिवाय. तिथून पर्यटक जायला अजून पुष्कळ अवधी आहे. प्रवाशाला साहसी म्हणायचं की प्रवासी, यानाची तपासणी कोणी करायची, सुटकेची यंत्रणा सक्तीची ठेवायची का, हे लिहून ठेवायला याहून बरा काळ सापडणार नाही. एकदा तिकिटं विकली गेली की नियम लिहिणाऱ्यांच्या टेबलावर विक्रेतेही येऊन बसतात.

(पुढील लेखांकात : वजनरहित अवस्थेत शरीराचं काय होतं)