धूम्रपान सोडताना : पाऊल घसरल्यानंतर

हैदराबादची ओळख म्हणजे चारमिनार. सन १५९१ मध्ये उभारलेल्या या वास्तूचे नाव विसाव्या शतकात त्याच शहरात तयार होणाऱ्या एका सिगारेटला मिळाले आणि ती सिगारेट देशभर विकली गेली. सन १९५६ पर्यंत मराठवाडा हा हैदराबाद राज्याचाच भाग होता. नोकरी, शिक्षण आणि औषधोपचार यांच्या निमित्ताने मराठी माणसाचे या शहराशी जडलेले नाते आजही टिकून आहे. तेथील इराणी हॉटेलांतील चहाची चव त्याच्या परिचयाची आहे. आणि अनेकांच्या बाबतीत त्या चहाबरोबर येणारी सिगारेटही.

मूळचा नांदेडकडील आणि हैदराबादेत नोकरी करणारा एखादा गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. तो निश्चयाने सिगारेट सोडतो. दोन महिने निर्वेध जातात. एके दिवशी कचेरीत वरिष्ठांशी खटका उडतो, मन रमविण्यासाठी तो सहकाऱ्याबरोबर चहाला जातो आणि ‘एकच’ म्हणून सिगारेट पेटवितो. आठवड्याभरात ती एक सिगारेट पुन्हा पूर्ण पाकिटावर जाते. ‘आपल्याच्याने हे होणे नाही,’ असे तो ठरवून टाकतो आणि घरी ही गोष्ट लपवितो.

यातील खरा धोका त्या एका सिगारेटपेक्षा लपविण्यात अधिक आहे. जे लपविले जाते त्याला मदत मिळत नाही. धूम्रपान कायमचे सोडणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यापूर्वी एकाहून अधिक वेळा प्रयत्न करावा लागलेला असतो. सन २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातील धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के लोकांनी ही सवय सोडण्याचा बेत किंवा विचार असल्याचे सांगितले होते. म्हणजे इच्छेची उणीव नाही. प्रश्न आहे तो टिकून राहण्याचा.

याचे कारण निकोटीन या द्रव्यात आहे. झुरका घेतल्यावर ते काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचते व क्षणभर बरे वाटते. सवय सोडल्यावर चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड असा त्रास होतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत तो सर्वाधिक असतो आणि साधारणतः दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. मात्र चहा, जेवण, ताणतणाव आणि मित्रमंडळी यांच्याशी मनाने बांधलेली गाठ सुटण्यास अधिक काळ लागतो. म्हणूनच महिन्यांनंतरही पाऊल घसरू शकते.

अशा वेळी स्वतःला दोष देण्यापेक्षा घडलेल्या गोष्टीची शांतपणे चौकशी करावी. सिगारेट कोठे पेटविली, सोबत कोण होते, मनःस्थिती काय होती, हे कागदावर लिहावे. वरील गृहस्थाच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे : राग, सहकारी आणि हॉटेल. काही आठवडे चहा घरी किंवा कचेरीत घेणे, सहकाऱ्यास ‘मला सिगारेट देऊ नका’ असे आधीच सांगणे आणि राग आल्यास मोकळ्या हवेत फेरी मारणे, हा त्याचा पुढील बेत होऊ शकतो. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ ती लांबणीवर टाकावी, दीर्घ श्वास घ्यावा, घोट घोट पाणी प्यावे, हाताला दुसरे काम द्यावे. तोंडात बडीशेप किंवा लवंग ठेवावी. सिगारेटऐवजी विडी, तंबाखू किंवा मशेरी घेणे म्हणजे सवय सोडणे नव्हे.

एकट्याने झुंजण्याचीही आवश्यकता नाही. केंद्र शासनाची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा सन २०१६ मध्ये सुरू झाली. मराठी व तेलुगू यांसह अनेक भाषांत तेथील समुपदेशक सल्ला देतात. पुन्हा सुरुवात झाली असल्यास तसे त्यांना निःसंकोचपणे सांगावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीनयुक्त च्युइंगगम किंवा अन्य औषधेही घेता येतात. घरच्यांनी टोमणे मारू नयेत. ‘आज कसे गेले?’ एवढे विचारणेही पुष्कळ असते.

शिक्षक व अधिकारी यांचाही यात वाटा आहे. सन २००३ च्या कायद्यान्वये शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीस मनाई आहे. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानासही बंदी आहे. हे नियम पाळले गेले, तर सवय सोडू पाहणाऱ्याच्या वाटेतील मोह तेवढाच कमी होतो.

हैदराबादच्या रेड हिल्स भागातील मेहदी नवाज जंग कर्करोग रुग्णालय सन १९५५ पासून रुग्णांची सेवा करीत आहे. अशा रुग्णालयाची पायरी चढण्याची वेळ येण्यापूर्वीच सवय सुटावी, हे उत्तम. धूम्रपान सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका सुमारे निम्म्यावर येतो, तर दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका धूम्रपान चालू ठेवणाऱ्याच्या तुलनेत निम्मा होतो. ते दोन महिने वाया गेलेले नाहीत. सिगारेटविना साठ दिवस काढता येतात, हे त्या गृहस्थाने स्वतःच सिद्ध केले आहे. आता त्याने घरी खरे सांगावे आणि नवा दिवस ठरवावा.