राज्याबाहेरचा मराठी मुलूख

मणिकर्णिकेचा धूर मागे टाकून मी गंगेच्या काठाने उत्तरेकडे चालू लागलो. शिंदे, संकठा आणि गंगामहाल हे घाट ओलांडले की भोसले घाट लागतो. किल्ल्याच्या तटासारखी सरळ उठलेली दगडी भिंत, तीत उंचावर लहान खिडक्या आणि जवळच लक्ष्मीनारायणाचे मंदिर. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हा घाट बांधला.

काशीवर मराठ्यांची राजवट कधीच नव्हती. १७७५ मध्ये हा प्रदेश अयोध्येच्या नवाबाकडून इंग्रज कंपनीकडे गेला. तरीही विश्वनाथाचे आजचे मंदिर अहल्याबाई होळकरांनी बांधविले आणि भोसल्यांनी व शिंद्यांनी येथे घाट उभारले. जेथे साऱ्याचा एक पैसाही मिळणार नव्हता, तेथे त्यांनी आपली दौलत खर्ची घातली. त्यामागे पुण्याची आणि लौकिकाची आस असेलही. परंतु त्या पायऱ्यांवर स्नानास येणाऱ्याला त्याचा प्रांत कोणी विचारला नाही.

मराठी माणसे तर त्याहूनही आधी येथे आली होती. एकनाथांचे भागवत येथेच १५७३ मध्ये पूर्ण झाले. १६७४ मध्ये शिवराज्याभिषेकासाठी रायगडावर गेलेले गागाभट्ट काशीचेच. त्यांचे घराणे मूळचे पैठणचे. पुढे दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांतील गल्ल्यांत मराठी कुटुंबांची वस्ती रुजली.

नागपूरचे राज्य १८५४ मध्ये डलहौसीने खालसा केले. घाटाचा राजाश्रय संपला. गंगेचा पूर मात्र दरवर्षी येतो आणि पायऱ्यांवर गाळाचे थर ठेवून जातो. तो उपसायचा कोणी, ही भिंत सांभाळायची कोणी, हे प्रश्न आजच्या पिढीचे आहेत. पूर्वजांच्या औदार्याचा अभिमान बाळगणाऱ्या महाराष्ट्राने या जतनात आपला वाटा उचलावा, असे मला वाटते.

आणखी एक धडा आपल्याला हवा आहे. याच काशीत १८८३ मध्ये जन्मलेले बाबुराव विष्णु पराडकर मराठी घरातले. 'आज' या दैनिकाचे संपादक म्हणून त्यांनी हिंदी पत्रकारितेला वळण दिले. येथील समाजाने त्यांना परका मानले नाही. परप्रांतीयांविषयी आपल्या शहरांत कठोर शब्द उच्चारले जातात, तेव्हा आपलीही एक वस्ती शेकडो वर्षे परप्रांतात सुखाने नांदली, याचे स्मरण ठेवावे.