कच्च्या गणिताची जागा

९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ ही संख्या सी भाषेतल्या ‘डबल’ या ६४ बिटांच्या प्रकारात ठेवा आणि तिच्यात एक मिळवा. उत्तर तेच राहतं, मिळवलेला एक हरवतो. कारण ‘डबल’मध्ये अंकांसाठी ५३ बिटांचीच जागा आहे. हीच बेरीज लिनक्स असलेल्या साध्या इंटेल पीसीवर, जीसीसी कंपायलरने, ‘लाँग डबल’ या मोठ्या प्रकारात केली की शेवटी ९९३ येतात. हा एक वाचतो तो इंटेलच्या ८०८७ या चिपमुळे.

१९८० साली जाहीर झालेल्या या चिपच्या गणितामागे बर्कलीचे प्राध्यापक विल्यम काहान होते. संख्या मेमरीत ६४ बिटांत राहील, पण आकडेमोड ८० बिटांत होईल: चिन्हाला १, घातांकाला १५, अंकांना ६४. अंकांना दिलेले ११ जादा बिट हौसेखातर नव्हते. लॉगरिदमला घातांकाने गुणून घात काढताना त्या गुणाकाराच्या पूर्णांकी भागातच जवळपास तेवढे बिट खर्ची पडतात. ते हाताशी नसले, तर उत्तराचे शेवटचे अंक चुकतात. शाळेत आपण वहीच्या समासात कच्चं गणित मांडायचो. काहानांनी तो समास सिलिकॉनमध्येच आखून दिला. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

समास वापरायचा कसा, हे मात्र कंपायलरच्या हाती. आकडेमोडीसाठी चिपमधल्या जागा, म्हणजे रजिस्टरं, आठच. ती अपुरी पडली की कंपायलर मधलं उत्तर मेमरीत टाकतो, आणि ‘डबल’ असेल तर तिथे ते ६४ बिटांत छाटलं जातं. मग एकच भागाकार दोनदा करून उत्तरं ताडली, तर ती जुळत नाहीत: एक छाटलेलं, दुसरं रजिस्टरमध्ये अखंड. शोध घ्यायला मध्ये आकडे छापणारा प्रिंटएफ घालावा, तर चूकच गायब! जीसीसीच्या दोषनोंदींत ही तक्रार ३२३ क्रमांकाची आहे. चिपचा दोष नसताना बोल तिलाच लागला, याचं वाईट वाटतं. २०१० च्या ४.५ आवृत्तीत जीसीसीने सी भाषेपुरता त्यावर नियमाला धरून उपाय दिला.

तोवर ‘डबल’चं गणित प्रोसेसरमधल्या एसएसई२ या नव्या सोयीच्या रजिस्टरांकडे गेलं होतं. तिथे सगळं ६४ बिटांतच, त्यामुळे हा घोळ नाही. ८० बिट उरले ते ‘लाँग डबल’ लिहिणाऱ्यांसाठी: दहा बाइट कामाचे, सहा रिकामे. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने तेही सोडले. तिथे ‘लाँग डबल’ म्हणजे ‘डबल’च. त्यामुळे विंडोजवर मिनजीडब्ल्यूने (विंडोजसाठीच्या जीसीसीने) ८० बिटांत काढलेलं अचूक उत्तर मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्रिंटएफकडे दिलं, की पडद्यावर भलतेच आकडे उमटतात. अ‍ॅपलच्या एम मालिकेच्या मॅकवरही ‘लाँग डबल’ म्हणजे ‘डबल’च, त्यामुळे तिथे सुरुवातीची ती बेरीज ‘लाँग डबल’मध्ये केली तरी शेवटी ९९२च येतात.